घरीच तर असतोस!

माणूस घरून काम करतो म्हणजे खरोखरच काम करतो, हे जगात फक्त दोघांना पटतं: त्याला स्वतःला आणि त्याच्या साहेबाला. त्यातही साहेबाचं नक्की सांगता येत नाही. बाकी सगळ्यांच्या लेखी तो नुसता घरी असतो.

आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणारा मिल्टन बारेइरो टाळेबंदीपासून असा नुसता घरी होता. मॉन्तेविदेओतल्या एका विमा कंपनीत तो दाव्यांच्या खात्यात आहे. कुणाची गाडी कुणाला धडकली, कुणाचा पत्रा वादळात उडून शेजाऱ्याच्या गाईवर पडला, याचा निवाडा करायचा हे त्याचं काम. आता गाय मोठी की पत्रा मोठा हे ठरवायचं म्हणजे डोकं ठिकाणावर लागतं. पण डोकं जरा ठिकाणावर येतंय तोच दारावरची बेल वाजायची.

"मिल्टन, बाळा, माझं पार्सल येणार आहे. दहा ते चारमध्ये कधीही येईल. मी केस कापायला चालले. तू काय, घरीच तर असतोस!"

ही तिसऱ्या मजल्यावरची दोन्या एलिदा. 'दोन्या' असं आमच्याकडे वडीलधाऱ्या बायकांना मानाने म्हणतात. हिला भीतीनेही म्हणतात. नवरा गेला, मुलगी लग्न होऊन ब्राझीलला गेली, आणि मग बाई मोबाइलवरून खरेदी करायला शिकली. तेव्हापासून ती प्रत्येक वस्तू दोनदा मागवते. एकदा हवी म्हणून आणि एकदा रंग चुकला म्हणून. दोन्ही वेळा पार्सल मिल्टनच्या दारात.

दुसऱ्या मजल्यावरचा वॉल्टर बंदरावरच्या जकात खात्यातून निवृत्त झालेला. त्याचा गॅसचा सिलिंडर मिल्टनने घेऊन ठेवायचा. पहिल्या मजल्यावरच्यांचं मांजर ते गावाला गेले की मिल्टनकडे. लिफ्ट अडकली की आतला माणूस लिफ्टच्या कंपनीला फोन करायचा नाही, "मिल्टन!" म्हणून बोंब मारायचा. एकदा तर साहेबाशी फोनवर बोलणं चालू असताना मिल्टनच्या एका हातात मांजर होतं आणि दुसऱ्या हातात कुणाचा तरी पंखा, आणि साहेब विचारत होता, "बारेइरो, तुम्ही ऐकताय ना?"

कामाचं मिल्टनला एवढं वाईट वाटत नव्हतं. पण इतक्या पार्सलांनंतर एकदाही कुणी त्याचे आभार मानले नव्हते, हे त्याला लागायचं. पार्सलं मोजायचा नाद त्याने सोडला होता. आभार मोजायला सोपे होते.

त्याचं खरं दुखणं मात्र वेगळंच होतं. ऑफिसात खिडकीजवळच्या टेबलाशी त्यांची चौघांची 'माते'ची, म्हणजे आमच्याकडच्या कडू पाल्याच्या पेयाची, पंगत बसायची. भोपळ्याचा एकच पेला, त्यात कडू हिरवा पाला, एकच धातूची नळी आणि ओतणारा एकच. तो मान मिल्टनचा. एकाने प्यायचं, पेला परत द्यायचा, मिल्टनने थर्मासातलं गरम पाणी घालून पुढच्याच्या हातात द्यायचा. त्या फेऱ्यांत फुटबॉल व्हायचा, राजकारण व्हायचं, साहेबाची नक्कल व्हायची आणि अधूनमधून गाईंचे निवाडेही व्हायचे. घरी त्याची बायको मिर्ता चहा पिणारी. मातेने तिच्या पोटात आग पडते. त्यामुळे मिल्टन स्वतःच ओतायचा, स्वतःच प्यायचा आणि रिकामा पेला स्वतःलाच परत करायचा. असं रोज करून बघा, म्हणजे कळेल.

आणि एके दिवशी कंपनीचं परिपत्रक आलं. कंपनीने ऑफिसच्या इमारतीतले बाकीचे सगळे मजले सोडले होते. आता फक्त एक अर्धा मजला उरणार होता, आणि ज्यांचं घर कामाला 'अयोग्य' असेल अशांनाच तिथे टेबल मिळणार होतं. अर्ज करा, निरीक्षक येऊन घर बघून जाईल. बाकीच्यांनी निवृत्त होईपर्यंत घरूनच काम करावं, आणि कंपनीला त्यांचा अभिमान आहे.

निवृत्तीला अजून बराच अवकाश होता. तेवढा काळ पार्सलं झेलायच्या कल्पनेनेच मिल्टनला घाम फुटला. त्याने कर्मचारी विभागात फोन लावला.

"अर्जात कारण काय लिहू, बाई?"

"ओल, अंधार, गोंगाट किंवा खुर्ची. यांपैकी एक."

"माणसांची आठवण येते, असं लिहिलं तर?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. मग ती म्हणाली, "ते ओलीत बसेल का, विचारून सांगते."

नाही बसलं. पण ओलीची काळजी नव्हती. नदीकाठच्या या शहरात ओल नसलेली भिंत दाखवा आणि बक्षीस मिळवा. मिल्टन बसायचा त्या खोलीत तर खिडकीखाली चांगला ताटाएवढा डाग होता. त्याने कारणात ऐटीत 'ओल' लिहिलं आणि त्या दिवसापासून त्या डागाची लेकरासारखी काळजी घ्यायला लागला. खिडकी बंद ठेवायची, हीटर लांब ठेवायचा, आणि मिर्ता बाजारात गेली की हळूच झाडाच्या फवाऱ्याने दोन-चार फवारे.

मिर्ताला त्याने यातलं काही सांगितलं नाही. कसं सांगणार? ती खोली तिची शिवणाची होती. तिने ती रिकामी करून दिली, शिवणयंत्र पलंगाखाली ढकललं, वर हाताने पडदा शिवून लावला. अशा बाईला 'मला तुझ्या खोलीतून सुटायचंय' असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? तो एवढंच म्हणाला, "म्हातारे, गुरुवारी कंपनीचा माणूस घर बघायला येणार आहे." आमच्याकडे नवरा-बायको एकमेकांना लाडाने म्हातारा-म्हातारीच म्हणतात, वय काहीही असो.

मिर्ताने हे लिफ्टमध्ये दोन्या एलिदाला सांगितलं. लिफ्ट तळमजल्याला पोहोचेपर्यंत बातमीला पाय फुटले होते: घर नापास झालं तर मिल्टनला ओढून ऑफिसात नेणार!

इमारतीत हाहाकार उडाला. त्याच संध्याकाळी सगळे मिल्टनच्या बैठकीत जमले. मिल्टनला कुणी विचारलं नाही. तो घरीच तर होता.

"तू घाबरू नकोस, बाळा," दोन्या एलिदा म्हणाली. "आम्ही आहोत ना. तुला या वयात बसमधून धक्के खायला लावणार म्हणजे काय? मेल्यांना काही माणुसकी?"

"निरीक्षक ही जात मी ओळखून आहे," वॉल्टर म्हणाला. "जन्मभर मीच तो होतो. आधी भिंत बघतो, मग दिवा, मग खुर्ची. ही खुर्ची? या खुर्चीवर बसून माणूस पत्ते खेळेल, निवाडे नाही करणार. दाखव तुझी भिंत. अरे देवा! हा काय प्रकार आहे?"

"असू दे हो," मिल्टन क्षीण आवाजात म्हणाला. "मला काही त्रास नाही त्याचा."

"बघा, बघा. बिचारा कधी तक्रार करत नाही," दोन्या एलिदाने डोळ्यांना रुमाल लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉल्टर ब्रश घेऊन हजर. जहाजाच्या तळाला देतात तो रंग त्याने बंदरावरच्या जुन्या ओळखीतून मिळवला होता. "समुद्र आत येत नाही यातून, ओल कसली येते!" असं म्हणत त्याने डाग पुसून टाकला. इतक्या दिवसांची जोपासना तासाभरात नाहीशी झाली. मिल्टनला वॉल्टरसाठी चहा करावा लागला, तो वेगळाच.

मग खुर्ची. वॉल्टरचा मेव्हणा दातांचा डॉक्टर. त्याने दवाखाना बंद केल्यापासून त्याची खुर्ची गॅरेजात पडून होती. पाय लांब होतात, पाठ मागे जाते, डोक्याला उशी, वर झुकणारा दिवासुद्धा. वजन विचारू नका. ती लिफ्टमध्ये घातली, सोबत वॉल्टर शिरला, आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लिफ्टने जीव सोडला. आतून आवाज आला, "मिल्टन!" कारागीर येईपर्यंत वॉल्टर खुर्चीतच बसून राहिला आणि बाहेर आला तेव्हा ताजातवाना दिसत होता. "पाठीला स्वर्ग!" एवढंच म्हणाला. कारागिराने लिफ्ट उचकटून उघडून दिली, पण सुटा भाग गुरुवारी मिळेल म्हणाला. खुर्ची उरलेले मजले जिन्याने चढली. ती चढवणाऱ्यांत मिल्टनही होता, कारण तो घरीच होता.

मिल्टनने आशा सोडली नाही. लिफ्ट बंद म्हणजे निरीक्षक चार मजले चढून येणार, वैतागणार. ही आशा दोन्या एलिदाने बुधवारीच मोडली. तिने प्रत्येक मजल्यावर एकेक स्टूल आणि लिंबाच्या सरबताची झाकलेली सुरई ठेवून दिली.

आता शेवटचं हत्यार गोंगाट. आमच्या कोपऱ्यावरचे ढोलवाले रविवारी संध्याकाळी शेकोटीवर ढोलांची चामडी तापवून असे वाजवायला लागतात की खिडकीच्या काचा नाचतात. मिल्टन चोरासारखा कोपऱ्यावर गेला आणि त्यांच्या म्होरक्याला, एवारिस्तोला, बाजूला घेऊन म्हणाला, "गुरुवारी सकाळी जरा सराव करा ना."

"सकाळी? सकाळी ढोल कोण वाजवतं, मिल्टन?"

"नेहमी रविवारच का? गुरुवारने काय घोडं मारलंय?"

"अरे, दोन्या एलिदा काल येऊन गेली. गुरुवारी टाचणी जरी पडली तरी याद राखा म्हणाली. मुरंब्याचा अख्खा केक देऊन गेली. तू काय देतोस?" मग एवारिस्तोने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "ती म्हातारी तुझ्यासाठी दारोदार फिरतेय, आणि तू? माणसाने इतकं कृतघ्न असू नये."

मिल्टन घरी आला आणि दाताच्या खुर्चीत आडवा झाला. खुर्ची खरोखरच सुखाची होती, याचा त्याला जास्त राग आला.

गुरुवारी निरीक्षक आला. साउल फेर्रांदो नाव, बारीक अंगाचा, काखेत चामडी पिशवी. सरबतांनी तृप्त झालेला. त्याने भिंतीला हात लावला आणि म्हणाला, "वा!" दिवा लावला, "वा!" खुर्चीत बसला आणि काहीच म्हणाला नाही, जरा वेळाने मिर्ताला वाटलं, झोपला की काय. बाहेर कोपऱ्यावर टाचणी पडत नव्हती. मिल्टनला आपलं उरलेलं आयुष्य दिसायला लागलं: बेल, पार्सल, मांजर, बेल.

"माते घेणार?" त्याने विचारलं. त्याच्या डोक्यात एक काळा विचार आला होता.

आमच्याकडे पाहुण्याला हाकलायचं असेल तर शिव्या द्याव्या लागत नाहीत. उकळतं पाणी ओतून पाला जाळायचा आणि तो पेला पुढे करायचा. घेणारा काय ते समजतो, पिढ्यान् पिढ्या बोलत नाही. मिल्टनने किटली खळखळ उकळवली, पेल्यात पाला भरला, किटली उचलली. आणि हात पुढे जाईना. जन्मभर ज्या हाताने कधी पाला जाळला नव्हता, तो हात ऐकेना. मिल्टनने एखादा खोटा दावा मंजूर केला असता, साहेबाला तोंडावर गाढव म्हटलं असतं, पण हे त्याच्याच्याने होईना. त्याने ते पाणी मोरीत ओतलं, नवं पाणी ठेवलं, नीट हवं तेवढंच गरम केलं आणि असं झकास माते लावलं की वर हिरवा फेस आला. बाहेर येताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, वाफेने म्हणा हवं तर.

निरीक्षकाने एक घोट घेतला आणि नळी तोंडातच ठेवून थांबला. मग पेला रिकामा करून परत दिला. मिल्टनने पेला भरला, स्वतः प्यायला, पुन्हा भरला, दिला. निरीक्षक पुन्हा प्यायला. मातेच्या पंगतीत पेला परत देताना कुणी 'आभारी आहे' म्हणत नाही. म्हटलं तर त्याचा अर्थ 'आता पुरे, मी निघतो.' फेर्रांदोने ते म्हणायचं नावही काढलं नाही.

"किती दिवसांनी कुणी ओतून दिलं," तो म्हणाला. "मी लोकांची घरं बघतो आणि अहवाल घरी बसून लिहितो. माझं घर बघायला कुणी आलं नाही."

"बायको?"

"ती ऑफिसात जाते," तो म्हणाला आणि मिल्टनने पेला पुन्हा भरून त्याच्या हातात दिला.

तेवढ्यात बेल वाजली. दोन्या एलिदाने साऱ्या इमारतीला गप्प बसायची शपथ घातली होती, पण पार्सलाला शपथ कोण घालणार? मिल्टनने सही करून खोका घेतला. बसतो तोच पुन्हा बेल, वॉल्टरचा सिलिंडर. मग लिफ्टचा कारागीर: "साहेब, वर उभं राहून बटण दाबायला कुणी नाहीये, तुम्ही घरीच आहात म्हणून विचारतो." मिल्टन जाऊन बटण दाबून आला. मग पहिल्या मजल्यावरच्यांचं मांजर, चिठ्ठीसकट. आणि शेवटी, निरीक्षकाला बघायची उत्सुकता न आवरून, खुद्द दोन्या एलिदा, हातात सपाता घेऊन.

"रंग चुकलाय रे, बाळा. परत न्यायला माणूस येईल, देऊन टाक. अय्या, साहेब आहेत वाटतं! कसं वाटलं आमच्या मिल्टनचं घर?"

फेर्रांदोने पेला मिल्टनच्या हातात दिला आणि म्हणाला, "आभारी आहे."

म्हणजे पंगत संपली. निरीक्षकाने पिशवीतून कागद काढला. "भिंत उत्तम. प्रकाश उत्तम. खुर्ची तर मी जन्मात अशी पाहिली नाही. नाइलाज आहे, मला 'योग्य'च लिहावं लागणार."

दोन्या एलिदाने टाळी वाजवली. मिर्ताने पडद्याकडे समाधानाने पाहिलं. पेन कागदाला टेकणार तेवढ्यात मिल्टन ओरडला, "थांबा!"

सगळे थांबले. मांजरसुद्धा.

"मला घरी राहायचं नाहीये. मला ऑफिसात जायचंय. मला समोर कुणीतरी माणूस हवंय, ज्याला पेला दिला की तो परत देईल. मिर्ता, तुझी काही चूक नाही. पडद्याचीही नाही. मी एकटा पडलोय, म्हातारे. इतकी माणसं दारात येतात आणि मी एकटा पडलोय."

मिर्ता मटकन खुर्चीत बसली आणि खुर्ची मागे गेल्यामुळे आडवी झाली. तिने तोंडावर हात धरला. मिल्टनला वाटलं, रडतेय. ती हसत होती.

"अरे म्हाताऱ्या, आधी बोलायचं नाहीस? इतकी वर्षं मी कुजबुजत भांडी घासतेय! रेडिओ लावला नाही, गाणं म्हटलं नाही, शिवणयंत्र तसंच पलंगाखाली. आणि तू मनापासून रमलायस म्हणून मी बाईमाणूस गप्प! जा बाबा, जा. उद्या जा, आत्ता जा!"

"आणि माझ्या सपाता?" दोन्या एलिदा म्हणाली. तिचा चेहरा एकदम उतरला होता. मग ती सपाता छातीशी धरून निघून गेली, आणि जिन्यावर तिची पावलं नेहमीपेक्षा हळू वाजली.

फेर्रांदोने पेन तोंडात धरून विचार केला. मग म्हणाला, "या खोलीत एक कचेरी आधीपासूनच चालू आहे. आवक आहे, जावक आहे, सामान ठेवायची सोय आहे, जनावरंही स्वीकारली जातात. नियमाप्रमाणे एका जागेत दोन कचेऱ्या चालत नाहीत." आणि त्याने लिहिलं: अयोग्य.

पुढच्या सोमवारी मिल्टन इस्त्रीचा शर्ट घालून, काखेत थर्मास मारून निघाला. घरातून रेडिओ आणि मिर्ताचा आवाज, दोन्ही मोकळे सुटलेले ऐकू येत होते. जिन्यात वॉल्टरने "चांगलंय बाबा, चालू दे" म्हणत टोमणा मारला. दोन्या एलिदाचं दार किंचित उघडं होतं. "येतो, दोन्या एलिदा," तो म्हणाला. दार बंद झालं. बसमध्ये मिल्टनला धक्के बसले, ते त्याला कळलेही नाहीत. त्याच्या कानात ते दार वाजत होतं.

ऑफिसात अर्धा मजला लखलखत होता. टेबलं होती, खुर्च्या होत्या, खिडकी होती. माणूस एकही नव्हता. त्याच्या पंगतीतल्या तिघांची घरं 'योग्य' ठरली होती. कुणालाच दोन्या एलिदासारखे शेजारी नव्हते. दाराशी एक पहारेकरी होता, आणि तो कॉफी पिणारा निघाला. मिल्टन खिडकीपाशी बसला, पाला भरला, पाणी ओतलं, प्यायला आणि पेला स्वतःलाच परत दिला. एवढा आटापिटा करून आपण फक्त भिंत बदलली, असं त्याला वाटलं, आणि इथल्या भिंतीवर तर साधा डागही नव्हता. त्याला इतकं वाईट वाटलं की गाईच्या दाव्यात त्याने पत्र्याच्या मालकाला नुकसानभरपाई मंजूर करून टाकली आणि मग खोडावी लागली.

दुपारच्या सुमारास पहारेकरी आला. "साहेब, खाली एक बाई आल्यात. कुणाकडे जायचंय विचारलं तर तुमचं नाव सांगतायत."

मागोमाग दोन्या एलिदाच आत आली. डोक्यावर रविवारची टोपी, हातात पर्स. तिने टेबलांवरून बोट फिरवलं, धूळ बघितली, आणि मिल्टनच्या समोरची खुर्ची ओढून बसली.

"नव्या सपाता मागवल्यात. पत्ता इथला दिलाय," ती म्हणाली. "तू काय, ऑफिसातच तर असतोस. वॉल्टरचंही काहीतरी येणार आहे. आणि चारपर्यंत मी इथेच थांबणार. कंपन्यांवर माझा विश्वास नाही."

"बसा," मिल्टन म्हणाला.

त्याने पाला नीट केला, पाणी ओतलं आणि पेला तिच्या हातात दिला. दोन्या एलिदा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली, नळीचा सुर्र आवाज झाला. मिल्टन तिच्या तोंडाकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत, इतक्या पार्सलांत तिच्या तोंडून जो शब्द ऐकायला तो आसुसला होता, तोच आज तिने उच्चारू नये म्हणून त्याने श्वास रोखून धरला होता.

तिने पेला पुढे केला.

"जरा कडक लावलंयस," ती म्हणाली. "ओत."